आईची पाटी

म्युनिक, जानेवारी १९९४

परशुरामदादा,

आईला नमस्कार सांग. तुला आत्ता नाही.

मी बरी आहे. प्रयोगशाळेतला आमचा, पेशीभोवती असतो तसा, चरबीचा कृत्रिम पडदा साबणाच्या फुग्याहून पातळ, सारखा फुटायचा. काचेवर बसवला तेव्हा टिकला, पण आरपार काहीच जाईना. आता बारीक छिद्रांचा आधार दिलाय, तर टिकतोही आणि कामही करतो.

तू आईला काचेवर बसवलंयस. बँकेत साहेब झालास म्हणून तिचं कोपरीच्या बाजारात मासे विकणं बंद केलंस आणि वर लिहितोस, 'आराम दिला.' जेवते का रे ती? कुणाशी बोलते?

तिची माशांची पाटी तिला परत दे. नाहीतर मे महिन्यात येऊन तुझ्या बँकेच्या दारात मीच बोंबील विकायला बसेन. विचारेल त्याला सांगेन, आत बसलेत ते माझे सख्खे भाऊ.

तुझीच बहीण,
जनी