इकडे बोकड खुशाल आहे

बेलपाडा, तालुका पनवेल
होळीच्या आधीचा सोमवार

ती. जगनदादास धाकट्या बहिणीचा, दमयंतीचा, वाकून नमस्कार. आईच्या पायाचं दुखणं कसं आहे, वेणूवहिनीनं यंदा बोंबील किती वाळवले, होडीचं इंजिन आता तुझं ऐकतं की अजून नुसतं खोकतंच, ते सगळं कळव. इकडे बोकड खुशाल आहे. (तू आमचं विचारशील, पण या घरात खुशाली त्याच्यापासून सुरू होते, म्हणून मीही रीत पाळली.)

त्याची जन्मकथा तुला ठाऊक आहेच. निशा आणि किशोरीनंतर सासूबाई देवीला नवस बोलल्या, नातू दे, बोकड देईन. बाकीच्या बायका नातू झाल्यावर बोकड आणतात. आमच्या भीमाबाईंना धीर कुठला! दुसऱ्याच दिवशी पिल्लू आणून दाराशी बांधलं, म्हणजे देवीला आमची तयारी दिसेल. देवीनं तयारी पाहिली आणि मनिषा दिली. पुन्हा पाहिली आणि मालू दिली. आता तो विकता येत नाही आणि कापताही येत नाही, कारण "बोकर देवीचा हाय, त्याला कोनी हात लावाचा नाय." शेतं गेली, तिथे बिल्डिंगा उभ्या राहिल्या, मग चारा कुठून यायचा? म्हणून त्याला हरभरे, गूळ आणि (देवीशप्पथ सांगते) बिस्किटं. झोपायला पंख्याखालची जागा. त्यानं सोसायटीची बाग खाल्ली, निवडणुकीचे दोन उमेदवार भिंतीवरून ओढून खाल्ले, एका वरातीत शिरून नवरदेवाच्या मुंडावळ्या तोडल्या, तरी त्याला कोणी शब्दानं दुखवत नाही. निशाच्या हातून बशी फुटली तर मात्र अख्खी आळी गोळा होते. निशा सहावीतून घरी बसलीय. धाकट्यांना सांभाळायला कोणीतरी हवं आणि बोकडाला पाला आणायलाही कोणीतरी हवं. शाळा सुटताना ती दारात उभी राहते, ते मला बघवत नाही.

मागच्या महिन्यात बोकडानं खाणं सोडलं. घरात चूल पेटेना. ह्यांनी न्हावा शेव्याची ट्रेलरची फेरी सोडली, रिक्षा आणली आणि आम्ही पनवेलला गुरांच्या दवाखान्यात निघालो. मध्ये बोकड, एका बाजूला हे, दुसऱ्या बाजूला मी, माझ्या मांडीवर मालू. (मालूला आठवडाभर ताप होता. तिला अंगारा लावला होता.) डॉक्टरांनी बोकडाचं पोट दाबून पाहिलं आणि जास्त खाण्यानं अपचन झालंय म्हणाले. मग मालूकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, बाई, मी जनावरांचा डॉक्टर, पण ह्या पोरीला आत्ताच्या आत्ता माणसांच्या दवाखान्यात न्या. दादा, मला आधी हसू आलं आणि मग रडू काही आवरेना. बोकडाच्या गळ्यात पडून रडले. (ह्यांना वाटलं, मी बोकडासाठी रडतेय. त्यांनी मला धीर दिला.)

मालू वाचली. नुसती काडी झालीय, पण वाचली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मलाही तपासलं. अंगात रक्त नाही, आता पाचवं बाळंतपण आलं तर तुम्ही त्यातून उठणार नाही, ऑपरेशन करून घ्या, म्हणाल्या. घरी सांगितलं तर सासूबाई म्हणतात, "नवस फिटल्याबिगर आपरेसन नाय. देवी कोपंल." माणूस वाईट नाही, पण आईपुढे ह्यांचं तोंड उघडत नाही. त्यात बोकडाचे दात पडायला लागलेत. सासूबाई रोज त्याचा जबडा उघडून बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. तो म्हातारा होऊन मरायच्या आत नातू यायला हवा ना!

मी देवीला मानते, दादा. तिच्या डोंगराच्या पायऱ्या मी अनवाणी चढलेय. मुलगा झाला तरच बोकड घेईन, असं ती कधी कुणाला म्हणाली? बोलणारी माणसं आणि नाव तिचं. मला भीती वाटते. मरणाची थोडी, चार पोरी मागे राहतील ह्याची फार. मी गेले तर हे दुसरी बायको आणतील. बोकड तोच राहील.

बाकी सर्व ठीक. आईच्या पाया पडते, पोरांना पापा.

तुझी
दमयंती

ता. क. खरं काम लिहायचं राहिलंच. चैत्रात आपल्या करंजा गावची जत्रा आहे. त्या निमित्तानं मला माहेरी न्यायला ये आणि उरणच्या दवाखान्यात ऑपरेशनचं आधी विचारून ठेव. जत्रेच्या दगदगीनं अशक्तपणा आला, असं मी इकडे सांगेन. फोन करू नकोस, तो सासूबाईंच्या उशाशी असतो.

पुन्हा ता. क. पत्र पेटीत टाकायला निशाकडे देणार, तोच काल बोकड मेला. सासूबाई ओट्यावर डोकं धरून बसल्या आणि मी स्वयंपाकघरात तोंडात पदर कोंबून हसले. देवी मला क्षमा करो. वाटलं, नवसही त्याच्याबरोबर गेला, आता दादाला कशाला त्रास? पत्र फाडायलाच घेतलं होतं. आज दुपारी सासूबाई बाजारातून आल्या. दोन पिल्लं आणलीत. एकाला काही झालं तर दुसरं हाताशी असावं, म्हणून. त्यातलं एक मालूनं मांडीवर घेतलंय आणि ती आपल्या वाटीतला भात त्याला भरवतेय. जत्रेची वाट बघू नकोस, दादा. पत्र मिळताच ये.