आरशासमोरचा सराव

आई, बाबा,

“मॅडम, घरी आरशासमोर वाकून वाकून जपानी नमस्काराचा सराव करता, तो आम्हाला दाखवाल का?”

बाबा, काल भर हॉलमध्ये हे आईला मी विचारलं. तिला जपानच्या शाळा बघायला पाठवताहेत म्हणून आमच्या शाळेने कौतुकाचा कार्यक्रम ठेवला होता. मैत्रिणी डिवचत होत्या, “दम असेल तर विचार!” आणि हल्ली चारचौघांत बोलायचं म्हटलं की मला आवरतच नाही. आरशाची गोष्टही त्यांना मीच सांगितली होती, अगदी नक्कल करून.

आई, तू खरंच वाकलीस. इतकी मनापासून, की चष्मा खाली पडला. सगळे खो खो हसले, आणि सगळ्यांत मोठ्याने मी. चष्मा उचलताना तू माझ्याकडे बघितलंस ना, तेव्हा जीव नकोसा झाला.

जेवताना तू बाबांना म्हणालीस, “दुसऱ्या कुणाला पाठवा म्हणून उद्या मुख्याध्यापिकांना सांगते.” स्टेजवर मी पहिल्यांदा बोलायला उभी राहिले, तेव्हा पडद्याआडून तूच मला धीर देत होतीस गं. आणि मी हे केलं.

आई, प्लीज मुख्याध्यापिकांना काही सांगू नकोस. मी शाळेत जायला लवकर निघालेय. दूध तापवून ठेवलंय, गॅस बंद केलाय.

मी ठरवलंय, आज प्रार्थनेला सगळे हॉलमध्ये जमले की पुढे जाऊन आईची माफी मागणार. बाबा, मला अडवायला येऊ नका. आई, तू मात्र ये.

तुमची,
भोंगा