इंजिन उघडल्यावर

८ मार्च, रविवार

धाकट्यास,

आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. तुम्ही सगळे बरे असाल असं धरून चालतो. धरूनच चालावं लागतं, कारण एकोणीस वर्षांत तू चार ओळी लिहायचे कष्ट घेतले नाहीस. तुला मुलगी झाल्याचं मला ताईकडून कळलं. सख्खा भाऊ मी, आणि बातमी बहिणीकडून!

पत्राचं कारण मोटारसायकल. आपण दोघांनी मिळून घेतलेली तीच. निवृत्त झालो आणि शेडचं कुलूप काढलं. टायर चिरलेले, टाकीत गंज, सीटमध्ये उंदरांचा संसार. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला बोलावलं, तर तो म्हणतो, "काका, भंगारात द्या. नाहीतर कुंड्या ठेवा हिच्यावर." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला मिशी फुटायच्या आधीपासून मी हातात पाना धरतोय! त्याला वाटेला लावलं आणि गाडी सरळ बाहेरच्या खोलीत आणली.

तुझ्या वहिनीने घर डोक्यावर घेतलं. टाकी न्हाणीघरात, साखळी जुन्या परातीत रॉकेलमध्ये बुडवलेली. परात जुनी नव्हती, हे मला नंतर कळलं. "पाहुणे आले तर बसवू कुठे?" म्हणे. मी म्हटलं, "आपल्याकडे येतंय कोण?" त्यावर ती उठून आत निघून गेली. तिचं ओरडणं परवडतं, हे निघून जाणं फार झोंबतं.

प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, क्लचची केबल नवी घातली. पण किक जागची हलेना. त्या दिवशी जाम झालेलं इंजिन तसंच होतं.

त्या दिवसाबद्दल लिहायचं मी टाळतोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सकाळी इंजिन मी जोडलं, ऑइल तू घातलंस आणि पहिली फेरी मारायला तूच निघालास. वळणावर इंजिन जाम होऊन मागचं चाक अडकलं आणि तू फेकला गेलास. कोपर मोडलं. गाडी आडवी पडल्यामुळे जे काही ऑइल आत होतं ते सांडलं, तेव्हा किती होतं हे कुणालाच सांगता येईना. मला मात्र सांगता आलं! तू प्लास्टर घालून दारात उभा, आणि मी सगळ्यांदेखत म्हणालो, "ऑइल घालायला विसरला आणि वर खोटं बोलतो. हा हात घालेल तिथे सत्यानाश." तू म्हणालास, "दादा, घातलं होतं." दोनदा म्हणालास. मग बॅग भरलीस.

मंगळवारी इंजिन उघडलं. इंजिनाच्या माथ्यावरच्या हेडमधला शाफ्ट करपून काळा झालेला. "बघा, ऑइलच नव्हतं!" असं मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. मग सिलेंडर उचलला आणि त्याच्याखालचं, सांध्यात बसवलेलं गॅस्केट हातात आलं. बाजारात मिळेना म्हणून मीच ते पुठ्ठ्याचं कापलं होतं, आठवतंय? हातोडीने कडा ठोकून, बेअरिंगची गोळी ठेवून भोकं पाडून. बोल्टची सगळी भोकं होती. ऑइल वर चढायचं बारीक भोक नव्हतं. तू डबाभर ऑइल ओतलं असतंस तरी हेडपर्यंत थेंब पोचला नसता.

पुठ्ठा आमच्या कारखान्यातल्या तपासणी कार्डाचा. मागची छपाई अजून वाचता येते: "तपासले. योग्य आहे." खाली माझी सही. तीस वर्षं दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढायचा पगार घेतला मी!

आणि तू रे? इंजिन उघडून बघा म्हणून दारात ठिय्या का नाही दिलास? मोठा भाऊ बोलला म्हणून खाली मान घालून चालता झालास? लाज नाही वाटली मला असं सोडून जायला?

हे खोडणार होतो. राहू दे. खरं काय ते लिहितो. तू गेल्यावर आठवड्याभरातच माझ्या मनात आलं होतं, की ते बारीक भोक पाडल्याचं मला आठवत नाही. म्हणून शेडला कुलूप घातलं. उघडून बघायची हिंमत नव्हती.

शाफ्ट नवा घातला, गॅस्केट नवं कापलं. शुक्रवारी गाडी सुरू झाली. वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं, धुरामुळे, म्हणते.

काल त्याच गाडीवरून बाहेर पडलो. त्या दिवशी मी तुला बोललो ते ऐकणाऱ्यांपैकी, वहिनी सोडली तर, आता तिघंच उरलेत. ताई म्हणाली, "मला काय सांगतोस, त्याला सांग." समोरच्या शिंप्याने मान हलवली, मशीन काही थांबवलं नाही. आपल्या काकांना हल्ली ऐकू येत नाही. त्यांच्या दारात उभं राहून बोंबलावं लागलं, "ऑइल त्यानं घातलं होतं! चूक माझी होती!" चारदा ओरडलो, तेव्हा त्यांना कळलं. तोवर गल्लीतल्या खिडक्या उघडल्या होत्या. उघडू देत.

काका म्हणाले, "मग तो घर सोडून गेला कशाला?"

"मी घालवला," म्हणालो. ओरडलो नाही, पण हे मात्र त्यांना पहिल्या खेपेलाच ऐकू गेलं.

तुला घालवणारा,
दादा