हिरवं बटण आणि विहीणबाई

औसा, गुरुवार, संध्याकाळ

आज माझ्या अंगठ्यानं घात केला का भलं केलं, अजून कळेना. दुपारी रांगोळीचं ॲप घेतलं. उघडताच फोनातली नावं वापरायची परवानगी मागणारा बारीक मजकूर आणि खाली जाडजूड हिरवं बटण, ‘पुढे चला’. मला पुढंच जायचं होतं, दाबलं! त्याखाली पुसट राखाडी अक्षरात ‘नको’ होतं म्हणे. ते कुणाला दिसतंय?

ॲपनं फोनातल्या सगळ्यांना माझ्या नावानं निरोप धाडला, ‘तुमची आठवण येते. लवकर या.’ ब्लाउज शिवणाऱ्या मास्तरला गेला. लोह्याच्या विहीणबाईंनाही गेला! लेकीच्या सासूबाई. बारशात नातवाच्या नावावरून भांडलो, तेव्हापासून अबोला.

तासाभरात त्यांचा फोन. “आठवण काढली ना? मी बी रोज फोन हातात घेऊन राहिले, पण आधी कुणी करावा?” आवाज रडवेला. आता काय सांगू, आठवण बटणानं काढली म्हणून? म्हणलं, “हाव, लई दिवस झाले. रविवारी या की.”

मग ह्यांनी ती परवानगी बंद करायची जागा शोधून दिली. तिथंही हिरवं जाडजूड बटण, ‘राहू द्या’. माझा अंगठा निघालाच होता. हे ओरडले, “अगं, वाच आधी!” चष्मा लावला, राखाडी ‘बंद करा’ शोधलं, दाबलं.

हे म्हणतात, विहीणबाईंना खरं सांगून टाक. सांगीन. पण आधी त्यांच्या पोटात दोन धपाटे जाऊ देत.