शून्यावर येणारे यंत्र

मी, खाली सही करणारी, गणकयंत्रांची रचनाकार, वयाने थकलेली पण डोके जागेवर असलेली विधवा, माझे हे शेवटचे म्हणणे कोणाच्या धाकाने किंवा लाडीगोडीने नव्हे, तर आपखुशीने लिहून ठेवते. मी पूर्ण शुद्धीवर असल्याचा दाखला डॉक्टरांनी आजच दिला आहे. देताना "आता कुणावर रागावू नका," असेही ते म्हणाले. तो सल्ला मी मागितला नव्हता. याआधीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत. माझ्या यंत्रांत जुने काहीच रद्द होत नाही. कागदावर तरी होते, हे बरे आहे.

कलम १. राहते घर भांड्याकुंड्यांसह सुनेला द्यावे. मुलाला नाही. त्याला घरात सगळे होयबा म्हणतात. घर त्याच्या नावे केले, तर पहिल्याच दलालाला मान डोलावून मोकळा होईल. सून लग्न होऊन आली तेव्हा तिने नव्या मिक्सरचे माहितीपत्रक शेवटच्या ओळीपर्यंत वाचले आणि मगच बटण दाबले. ती मला आवडत नाही, पण मी तिला मानते.

कलम २. बँकेतली शिल्लक सूतगिरणीतल्या त्या बाईला द्यावी. ती नसल्यास तिच्या मुलांना. हे दान नव्हे. आमचे पहिले यंत्र माझ्या यजमानांनी आणि मी मिळून बांधले. बेरीज यंत्रात मावेनाशी झाली की त्याने थांबून ओरडायला हवे होते. यांच्या चुकीमुळे ते न ओरडता गुपचूप शून्यावर येई. गिरणीने हे हेरले आणि सुताचे वेढे मोजता मोजता शून्य आले की रीळ भरले, ते बदलायचे, असा प्रोग्राम लिहून घेतला. दुसऱ्या यंत्रात यांनी मला न विचारता चूक दुरुस्त केली. यंत्र थांबून ओरडले, पण शून्य आलेच नाही, भरलेले रीळ फिरतच राहिले, आणि ते सोडवायला गेलेल्या बाईची बोटे गेली.

त्यानंतर प्रत्येक नव्या यंत्रात ती चूक पुन्हा बसवायची, आणि यांनीच स्वतःच्या हाताने बसवायची, असा दंडक मी घातला. "अगं, पुरे कर आता. लाज वाटते मला," असे ते म्हणत. "लोक त्या चुकीवर विसंबलेत. बसवा," असे मी म्हणे. मरेपर्यंत त्यांनी ती बसवली. मला त्याचे वाईट वाटत नाही.

कलम ३. यांच्या पकडी, मीटर आणि सोल्डरिंगचे सामान होयबाला द्यावे. वापरता येणार नाही आणि विकत कोणी घेणार नाही, म्हणजे जपून राहील.

कलम ४. धाकटी, म्हणजे माझी मुलगी, कारखान्याची मुख्य रचनाकार आहे. ती माझ्यापेक्षा हुशार आहे. हे तिला तोंडावर सांगितले असते, तर ती गळ्यात पडली असती, म्हणून कागदावर लिहिते. ऐन उमेदीची वर्षे आणि एक ठरलेले लग्न खर्ची घालून तिने नवे यंत्र आखले आहे. ते देखणे आहे. त्यावर जुना एकही प्रोग्राम चालणार नाही.

"आई, बाबांची चूक अजून किती पिढ्या वाहायची? लोकांनी नवीन लिहून घ्यावं की!" परवा ती म्हणाली.

"त्यांचे प्रोग्राम वाचलेस?"

"त्यात वाचण्यासारखं काय असणारे?"

तरीही कारखाना, आराखड्यांचे हक्क आणि नव्या यंत्राबाबतचा शेवटचा शब्द मी धाकटीलाच देते. अट कोणतीही नाही. माझी सगळी यंत्रे तिने खुशाल भंगारात काढावीत.

कलम ५. वकील सांगतात की, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करतो, त्याला त्या मृत्युपत्राने दिलेले काहीही मिळत नाही. साक्षीला मी डॉक्टरांना आणि धाकटीला बोलावले आहे. "बाई, पोटच्या पोरीशी असं वागू नका," असे वकील म्हणाले. त्यांना मी बाहेर बसवले आहे. डॉक्टरांनी मध्ये बोलायचे नाही असे ठरले आहे.

कागद तिच्यासमोर सुलटा ठेवीन. खुर्ची आहे, उजेड आहे, घाई नाही. तिने वाचले तर ती सही करणार नाही. मग तिच्या जागी कारकून सही करील आणि सगळे तिचे होईल. न वाचता सही केली, तर कलम ४ मधले सर्व सुनेला जावे. नवा आराखडा कपाटात कुलूपबंद राहावा. धाकटीला कारखान्यात राहायचे असल्यास तिने वहिनीच्या हाताखाली राहावे, आणि पुढच्या प्रत्येक यंत्रात वडिलांची चूक स्वतः बसवावी. जिला आईचा शेवटचा कागद वाचवत नाही, तिने परक्यांचे जुने काम मोडीत काढू नये.

स्थळ: कारखान्याच्या माडीवरची माझी खोली
दिनांक: पाच मार्च, सकाळी

(सही) लिहून ठेवणारी

वरील सही आमच्या देखत झाली. साक्षीदार:

१. (सही) डॉक्टर. वाचून सही केली.

२. (सही) मुलगी, मुख्य रचनाकार.