एका वाक्यात उत्तर द्या

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार (कागदावरच, प्रत्यक्षात गुडघा वाकत नाही). मामींचा दमा, तुमची कंबर आणि तुमच्या ताब्यातल्या त्या सहामजली इमारतीच्या दोन्ही लिफ्ट ठीक असतील अशी आशा आहे. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. आईच्या हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन येत्या गुरुवारी सकाळी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्ही येण्याची दगदग करू नका. घरात धर्मशास्त्राचा डॉक्टर असताना बहिणीला धीर द्यायला आणखी माणूस कशाला, असं सगळेच म्हणतात. (फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोन आईच्या उशाशी असतो.)

मामा, या डॉक्टरकीनं मला जीव नकोसा झालाय. तुम्ही सातवीला तीनदा बसलात आणि सुटलात. मी अकरा वर्षं धर्म शिकलो, सतरा वर्षं विद्यालयात शिकवतोय, आणि दारावर तशी पाटी असल्यामुळे लोकांना वाटतं की देवाचं आणि माझं रोजचं बोलणं आहे. समोरच्या बाईंची मांजर मेली. तिला आत्मा होता का, एवढंच त्यांनी जिन्यात विचारलं. मी दुधाची पिशवी हातात धरून 'आत्मा' या शब्दाच्या व्याख्येपासून सुरुवात केली. दूध नासायची वेळ आली, बाईंनी दार लावून घेतलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्या इस्त्रीवाल्याकडे मन मोकळं करू लागल्या. (त्यानं 'होता की' असं सांगितलं म्हणे. कुठल्या आधारावर?)

मग कोपऱ्यावरचे बेकरीवाले वारले. शोकसभेत मला दिलाशाचे दोन शब्द बोलायला उभं केलं. दोन शब्द म्हणजे किती, हे विद्यालयात कोणी शिकवलंच नव्हतं. दुःखाचा प्रश्न धर्मशास्त्रात कसा उपस्थित झाला इथून जो निघालो, तो तिसऱ्या शतकात अडकलो. तिथलं एकच वाक्य तीनदा म्हणालो. शेवटी बेकरीवाल्यांची बायकोच उठली, मला खुर्चीवर बसवलं, पाणी पाजलं आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "होईल सगळं ठीक." नवरा तिचा गेला होता, मामा.

एवढ्यावरही अक्कल येऊ नये! गेल्या महिन्यात उत्तरपत्रिका तपासत होतो. दहा गुणांचा प्रश्न मीच काढलेला: 'प्रार्थना ऐकली जाते का? साधकबाधक चर्चा करा.' एका मुलीनं अख्ख्या पानावर एकच शब्द लिहिला होता, 'हो.' मी अर्धा गुण दिला (तोही अक्षर चांगलं म्हणून) आणि लाल शाईनं शेरा मारला, 'स्पष्टीकरण कुठे आहे?' ते पान शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवलं आणि आम्ही पोट धरधरून हसलो. ते हसणं आता मला बाधतंय.

परवा दुपारी मी आईच्या गोळ्या डबीत भरत होतो (सकाळची पांढरी, दुपारची अर्धी गुलाबी). माझं प्रमाणपत्र तिनं पलंगासमोरच्या भिंतीवर लावून घेतलंय. आल्यागेल्याला सांगते, आमचा हा देवावरच शिकलाय. त्या प्रमाणपत्राकडे बघत तिनं विचारलं, "वर आहे ना रे कोणी?" मी म्हणालो, वरचे भाडेकरू लग्नाला गेलेत. (खरंच तसं वाटलं. त्यांच्या न्हाणीघरातून आमच्याकडे पाणी गळतंय.) ती हसली नाही. म्हणाली, "तसं नाही रे. गुरुवारी मला भूल देतील. तेव्हा असेल ना कोणी सोबत?"

आणि मी म्हणालो, "आई, यावर तीन मतप्रवाह आहेत."

पहिले दोन तिनं निमूट ऐकून घेतले. मग म्हणाली, "तुझं कुठलं ते सांग. एका वाक्यात." मी अर्धी गुलाबी गोळी सकाळच्या कप्प्यात टाकली आणि परत काढली. अठ्ठावीस वर्षांत हा प्रश्न मला कुठल्याही परीक्षेत आला नव्हता. दुसऱ्यांची मतं मला पानाच्या क्रमांकासकट पाठ आहेत; माझं मी कुठे ठेवलंय तेच आठवेना. शेवटी म्हणालो, "बघून सांगतो." आईनं माझा हात थोपटला. "असू दे. अभ्यास चालू असेल अजून तुझा." आणि कूस बदलून झोपली, म्हणजे झोपल्यासारखं केलं. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडलो.

तेव्हापासून तुमची फार आठवण येतेय. लिफ्ट दुरुस्त झाली की पहिली फेरी तुम्ही स्वतः मारता, मग बाकीचे मुकाट आत शिरतात. तुम्ही कितवी शिकलात हे कोणी विचारत नाही. मला लिफ्टच्या तारेची जाडी, तिचा इतिहास, तिच्याविषयीचे वाद, सगळं विचारा; पण मी आजवर जिन्यानंच चढलोय. शिवाय वर जाण्यायेण्याचा अनुभव आपल्या घरात फक्त तुम्हालाच आहे. (हा विनोद आहे. हल्ली सांगावं लागतं.)

असो. पाल्हाळ फार झालं. मामींना नमस्कार. काळजीचं काही कारण नाही, तुम्ही खरंच येऊ नका.

तुमचा सुवर्णपदकवाला भाचा

ता. क. : त्या मुलीला साडेनऊ गुण वाढवून दिले. प्राचार्यांनी लेखी स्पष्टीकरण मागितलंय. ते माझ्याकडेही नाही.

पुन्हा ता. क. : बुधवारच्या दुपारच्या गाडीनं या. आई तुम्हालाही तेच विचारेल. 'हो' म्हणा. मागेपुढे काही जोडू नका. लिफ्टचं दार उघडून "चला, बसा" म्हणता ना, तसंच म्हणा.

शेवटचा ता. क. : जरा मोठ्यानं म्हणा. मी दाराबाहेर उभा असेन.