लसणाच्या वासाचं जॅकेट

शुक्रवार, संध्याकाळ. स्कॉटलंड.

सई, मी सांगते तसंच लिही, बापाची बाजू घेऊ नकोस. इथल्या जंगलात हरणं आधीच विरळ. आठवडाभर वणवण करून माझ्या लेकाला, प्रसादला, आज एक दिसलं, तर वास लागून पळालं. सोबतचा शिकारी म्हणाला, तुझ्या जॅकेटला लसणाचा वास येतोय. येणारच. हा ते स्वयंपाकघरात टांगतो, आणि तिथे माझी फोडणी.

“आई, उद्या सुट्टीचा शेवटचा दिवस गं.”

मग चूक माझी का? असेल थोडी. आज जॅकेट बाहेर थंडीत टांगलंय, आणि सगळ्यांना दहीभात. उद्या हरीण मिळणार. नाहीच मिळालं, तर याला नेम धरता येत नाही, असं मी घरी परतल्यावर आमच्या रीडिंग गावभर सांगेन.